पट्टीवरची एक रेघ

मागच्या दिवाळीत आमच्या घरी जे झालं ते लिहायचं की नाही यावर वर्षभर विचार करत होते. शेवटी धाकट्यालाच विचारलं, लिहू का रे, तर म्हणाला लिही ताई, फक्त माझं नाव नको आणि व्यसनमुक्ती केंद्राचंही नको. म्हणून इथे तो नुसता धाकटा. वय सत्तावीस, चार वर्षं गर्द, म्हणजे हेरॉईनचाच एक प्रकार, ओढली, दोनदा केंद्रात राहून आला, आणि मागच्या दिवाळीला त्याला गर्द सोडून चौदा महिने झाले होते. चौदा महिने म्हणजे काय ते ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनाच कळेल, बाकीच्यांना तो फक्त आकडा आहे.

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर तिकीट आणि पैशाचा हिशोब रोज संध्याकाळी जुळवून द्यायची सवय. त्यात २०२३ मध्ये आमच्या नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरचा, कारखाना पकडला, रोज पेपरात तेच, आणि बाबांच्या डोक्यात बसलं की मुलावर नजर ठेवलीच पाहिजे. कुणीतरी सांगितलं की ऑनलाइन किट मिळतं, लघवीत बुडवायचं, पाच मिनिटांत कळतं. पाचशेच्या आतलं किट. बाबांनी एकदम सहा मागवली.

पहिल्या वेळी काय झालं ते आधी सांगते कारण ही चूक बऱ्याच घरांत होत असणार असं मला अगदी वाटतं. गणपतीतली गोष्ट. पट्टीवर दोन रेघा आल्या. कोविडच्या किटवर दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे आईबाबांनी तेच धरलं, आणि मी पुण्याहून फोन करेपर्यंत घरात सुतक असल्यासारखं वातावरण. धाकटा सांगतोय मी काही घेतलं नाही, आणि कोण ऐकणार? मी फोटो मागवला, किटमधला कागदही मागवला, आणि वाचलं तर त्यात स्पष्ट लिहिलंय की अंमली पदार्थांच्या पट्टीवर उलटं असतं, दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह. सी समोरची रेघ म्हणजे पट्टी नीट चालली, आणि टी समोरची रेघ जर आली तर पदार्थ सापडला नाही. ती रेघ फिकट असली तरी निगेटिव्हच. एकच रेघ आली, फक्त सी ची, तर पॉझिटिव्ह. आणि वाचायची ती पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनंतर दिसतंय ते धरायचं नाही. बाबांनी ती पट्टी रात्रभर टीव्हीवर ठेवून सकाळी परत बघितली होती. मुलगा उपाशी झोपला होता त्या रात्री.

तेव्हाच खरं तर आम्ही थांबायला हवं होतं, बसून बोलायला हवं होतं. नाही बोललो. निगेटिव्ह आहे ना, मग झालं, असं म्हणून सगळे मोकळे.

मग दिवाळी. मी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी नाशिकला पोचले. आई अनारसे करत होती, आमच्याकडे अनारसे म्हणजे मोठं काम, पीठ चार-पाच दिवस आधीपासून मुरवलेलं, गोळा खसखशीवर थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. धाकट्याला लहानपणापासून अनारसे म्हणजे जीव की प्राण. बसून दहा-बारा तरी खाल्ले असतील त्यानं दोन दिवसांत, आणि करंजीच्या सारणातही आई हात सैल सोडून खसखस घालते. पाडव्याच्या सकाळी बाबांनी डबी हातात दिली. जा भरून आण. दार उघडं ठेव. आणि स्वतः दाराशी उभे.

एक रेघ आली.

मी स्वतः पाच मिनिटं घड्याळ लावून बघितलं. ओपिएटच्या, म्हणजे गर्दसारख्या अफूपासून बनणाऱ्या पदार्थांच्या रकान्यात सी ची रेघ, टी ला काहीच नाही. माझेच हातपाय गार पडले, खोटं कशाला सांगू. मी पण त्या क्षणी त्याच्याकडे बघितलं ते संशयानेच, आणि त्यानं ते बघितलं. बाबांनी पट्टीचा फोटो काढला आणि माझ्या काकांना पाठवायला गेले, काका पोलिसात होते म्हणून सल्ला घ्यायला, आणि घाईत तो गेला घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. बत्तीस माणसं. पाडव्याच्या शुभेच्छांच्या मधोमध पट्टीचा फोटो आणि खाली बाबांचं वाक्य की परत सुरू केलंय याने. डिलीट केला लगेच पण सात-आठ जणांनी तरी बघितला होता, एका आत्याचा फोन आलाच.

धाकटा काही बोलला नाही. चप्पल घातली आणि गेला. रात्री दहापर्यंत फोन बंद. ज्यांनी ही वाट बघितलीय त्यांना सांगायला नको की डोक्यात काय काय येतं, आणि सगळ्यात भयानक विचार हा की इतके महिने बंद असलेला माणूस परत पूर्वीइतकाच डोस घेतो आणि शरीराची सवय तर गेलेली असते, ओव्हरडोस होतो तो याच वेळी. म्हणजे आम्ही टेस्ट केली त्याला वाचवायला आणि त्याच टेस्टनं त्याला त्या रस्त्यावर ढकललं असतं. साडेदहाला केंद्रातल्या सरांचा फोन आला, तो इथे आहे, चहा प्यायलाय, उद्या सगळे या. तो व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधल्या एका जुन्या मित्राकडे गेला होता आणि त्या मित्रानं त्याला सरांकडे नेलं होतं. त्या मित्राचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आम्ही ओवाळणी सोडून केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पट्टी बघितलीच नाही. पहिला प्रश्न विचारला, गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्लं, कुठली औषधं घेतली. धाकटा म्हणाला फराळ. मॅडम म्हणाल्या फराळात काय. आई सांगायला लागली, चकली, शेव, अनारसे, आणि तिथे मॅडमनी हात वर केला. किती अनारसे?

खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचं बी हे मला ऐकून माहीत होतं पण त्याचा असा संबंध कधी लावला नव्हता. बियांवर अफूच्या चिकाचा अंश राहतो, त्यात मॉर्फिन असतं, नशा येण्याइतकं नाही पण लघवीत दिसण्याइतकं येऊ शकतं. आमच्या पट्टीची मर्यादा होती ३०० नॅनोग्रॅम, मिलिलिटरमागे, त्याच्या वर गेलं की पॉझिटिव्ह. अमेरिकेत सरकारी नोकऱ्यांच्या टेस्टमध्येही पूर्वी ३०० च होती, पण खसखस खाऊन आणि खोकल्याचं औषध घेऊन लोक अडकायला लागले म्हणून १९९८ मध्ये त्यांनी ती २००० केली. म्हणजे जिथे पाववर चार दाणे भुरभुरवतात त्यांनी हा विचार पंचवीस वर्षांपूर्वी केला, आणि आपण तर खसखशीवर अख्खा अनारसा थापतो!

मॅडमनी अजून बरंच सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. पट्टी ही नुसती चाळणी आहे, ती सारख्या दिसणाऱ्या रेणूंना फसते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं तर शरीरात त्याचं मॉर्फिन होतं, ओपिएट पॉझिटिव्ह. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स, यांनीही काही किटवर ओपिएट खोटं पॉझिटिव्ह येतं. ॲसिडिटीची रॅनिटिडिन, जी आपल्याकडे वर्षानुवर्षं लोकांनी चॉकलेटसारखी खाल्ली, तिनं ॲम्फेटामाइनचं खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. सर्दीच्या गोळीतल्या स्युडोएफेड्रिननंही येतं. म्हणून नियम असा की पट्टीवर पॉझिटिव्ह आलं तर तोच नमुना मोठ्या लॅबमध्ये पाठवायचा, तिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या मशीनवर नेमका कुठला पदार्थ किती आहे ते निघतं, आणि तो रिपोर्ट येईपर्यंत कुणावरही काही ठपका ठेवायचा नाही. आम्ही तर नमुना बेसिनमध्ये ओतून टाकला होता. सुदैवानं धाकटा आदल्या रात्री केंद्रात पोचला तेव्हाच सरांनी त्याला विचारून, सही घेऊन, वेगळा नमुना ठेवला होता.

तो नमुना मुंबईला गेला. नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. मॉर्फिन थोडं, २००० च्या बरंच खाली, कोडीनचा अंश, आणि हेरॉईन घेतल्यावरच सापडतो तो खास अंश नाही. मी आनंदानं ओरडलेच. पण मॅडम म्हणाल्या थांबा, मला तुम्हाला खरं सांगायचंय. तो खास अंश लघवीत काही तासच राहतो, त्यामुळे तो नाही याचा अर्थ शंभर टक्के घेतलंच नाही असा होत नाही. रिपोर्ट खसखशीशी जुळतो एवढंच मी सांगेन. बाकी मी हा मुलगा बघते, दर आठवड्याला येतो, कामावर जातो, वजन वाढलंय, झोप लागतेय, डोळ्यांत डोळे घालून बोलतो, आणि तो सांगतोय की घेतलं नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

ते ऐकून बाबा पहिल्यांदा रडले. त्यांना वाटलं होतं मशीन सांगेल हो की नाही. मशीननं सांगितलंच नाही, शेवटी माणसालाच ठरवावं लागलं.

इथे मला त्याच्या पहिल्या केंद्राबद्दल लिहायचंय, नाव घेणार नाही. तिथे दर सोमवारी सगळ्यांना रांगेत उभं करून, दोघा-तिघांसमोर, डबीत लघवी करायला लावायचे, आणि निकाल सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. ज्याचं पॉझिटिव्ह त्यानं दिवसभर उभं राहायचं, घरी फोन बंद. धाकटा म्हणतो तिथे सगळ्यांनी एकच गोष्ट शिकली, पट्टीला कसं फसवायचं. खूप पाणी प्यायचं, दुसऱ्याची लघवी पिशवीत लपवायची. आणि ज्याचा खरंच पाय घसरला तो कधीच स्वतःहून सांगायचा नाही. आत्ताच्या केंद्रात माणूस बाथरूममध्ये एकटा जातो, दार लावून. डबीला तापमानाची पट्टी असते, चार मिनिटांच्या आत बघायची, ३२ ते ३८ डिग्रीच्या मध्ये असलं की ताजी आहे. पाणी मिसळलंय का ते लघवीतल्या क्रिएटिनिन या घटकावरून कळतं. म्हणजे फसवणूक पकडायची असेल तर दाराशी उभं राहायची गरजच नाही, हे बाबांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

कायद्याचं पण थोडं सांगते कारण काकांनी तेव्हा बरंच घाबरवलं होतं. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्यातल्या कलम २७ प्रमाणे नुसतं सेवन हा सुद्धा गुन्हा आहे, हेरॉईन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे खरं. पण त्याच कायद्यात कलम ६४ए आहे, की जो व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो त्याच्यावर सेवनासाठी किंवा अगदी थोड्या मालासाठी खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं, म्हणून फाईल नीट ठेवायची आणि फॉलोअप चुकवायचा नाही. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, त्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार हे मानसिक आजारातच धरलेत, त्यामुळे कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे. डॉक्टरांना ती सांगायची मुभा काही ठरावीक वेळीच, कुणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टानं मागितली, असं. कलम २० मध्ये क्रूर आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण आहे, म्हणजे ते प्रार्थनेनंतरचं वाचन आणि दिवसभर उभं करणं कुठे बसतं ते तुम्हीच बघा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपला हा कायदा थेट लागत नसेल, पण २०१७ मध्येच सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय, आणि सत्तावीस वर्षांच्या मुलाच्या लघवीचा फोटो बत्तीस जणांत जाणं हे चूक आहे हे कळायला मला तरी कोर्टाची गरज नाही.

नोकरीचंही झालं मध्ये. अंबडच्या एका कंपनीनं जॉइनिंगच्या मेडिकलमध्ये ड्रग टेस्ट आहे असं तोंडी सांगितलं. धाकटा ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, जिभेखाली ठेवायची गोळी, उपचाराचीच. ती साध्या ओपिएट पट्टीवर दिसत नाही पण तिची वेगळी पट्टी असली तर दिसते, आणि दिसायलाच पाहिजे, केंद्रात तर ती पॉझिटिव्ह आली की सर शाबासकी देतात कारण याचा अर्थ पोरगं औषध घेतंय. कंपनीला हे कोण समजावणार? सरांनी सांगितलं, लेखी विचार की कुठल्या पदार्थांची टेस्ट, रिपोर्ट कोण वाचणार, कन्फर्मेशन करणार का. आपल्याकडे खासगी नोकऱ्यांसाठी याचा वेगळा सरसकट कायदा नाही, विमानवाल्यांसाठी मात्र डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक खात्याचे नियम आहेत, ३१ जानेवारी २०२२ पासूनचे, आणि त्यात सुद्धा पहिल्यांदा कन्फर्म पॉझिटिव्ह आलं तर आधी व्यसनमुक्तीसाठी पाठवतात. पायलटला जर ही संधी आहे तर गोडाऊनमधल्या पोराला का नको. कंपनीनं लेखी काही दिलं नाही, परत फोनही केला नाही. आता दुसरीकडे लागलाय.

आणि निगेटिव्हवर निवांत होणाऱ्यांसाठी पण एक. आमच्या पालकांच्या मीटिंगला एक ताई येतात, त्यांनी वर्षभर पोराची पट्टी निगेटिव्ह बघून देवाला नारळ फोडले, पोरगा एमडी घेत होता. साध्या पाच-सहा रकान्यांच्या किटवर एमडी बहुतेक वेळा दिसत नाही, ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या ओपिएटच्या पट्टीवर दिसत नाहीत. गर्द दोन-तीन दिवसांत निघून जातं. उलट गांजा रोज ओढणाऱ्यानं सोडला तरी महिनाभर पॉझिटिव्ह येऊ शकतं, त्याच मीटिंगमधल्या एका काकांनी तीन आठवड्यांपूर्वी सोडलेल्या पोराला खोटारडा म्हणून घराबाहेर काढलं होतं.

मला विचाराल तर टेस्ट करूच नये असं मी म्हणत नाही. धाकटा स्वतः म्हणतो की त्याला ती हवी आहे. तलफ येते तेव्हा सोमवारी टेस्ट आहे हा विचार त्याला थांबवतो, आणि निगेटिव्ह कागद हातात आला की आत्याबाईंच्या नजरेला उत्तर मिळतं. पण आमचं सगळं बिघडलं ते एका गोष्टीनं, पॉझिटिव्ह आलं तर काय करायचं हे आम्ही आधी ठरवलंच नव्हतं. कुणीच नाही. मग त्या क्षणी ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं, बाबांनी फोटो काढला, आईनं डोकं आपटलं, मी संशयानं बघितलं, तो निघून गेला.

डिसेंबरमध्ये सरांच्या समोर बसून आम्ही एक कागद केला. वहीचंच पान. टेस्ट केंद्रातच, घरी नाही. कधी ते सर ठरवणार, पण तो नाही म्हणाला तर जबरदस्ती नाही, नाही का म्हणाला यावर बोलायचं. आधी खाणं आणि औषधं सांगायची. निकाल त्याला आधी, मग त्याची हरकत नसेल तर मला, आईबाबांना मी सांगणार. पट्टी पॉझिटिव्ह आली तर लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत घरात त्या विषयावर एक शब्द नाही आणि तो घरीच जेवणार, घरीच झोपणार. रिपोर्टही पॉझिटिव्ह आला तर रोज केंद्र, डोस बघायचा, गरज पडली तर ॲडमिट, पण घराचं दार बंद नाही. हे शेवटचं वाक्य धाकट्यानं नाही, बाबांनी लिहायला लावलं. खाली चौघांच्या सह्या. उरलेली चार किट बाबांनी स्वतः कचऱ्यात टाकली.

एप्रिलमध्ये त्याचा पाय घसरला. एकदा. टेस्टमध्ये नाही सापडलं, त्यानंच दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन करून सांगितलं, ताई काल घेतली. मी कागदाप्रमाणे वागले. सोपं नव्हतं, फोन ठेवून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, पण त्याला एवढंच विचारलं की जेवलास का आणि सरांकडे कधी जातोयस. तो तासाभरात गेला होता.

कुणाला कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. पुण्यात मुक्तांगण तर १९८६ पासून हे काम करतंय. आधी फोन करा आणि मग किट मागवा, मागवायचंच असेल तर.

परवा मी या दिवाळीसाठी घरी आले. आई अनारशाचं पीठ घेऊन बसली होती आणि खसखशीचा डबा हातात धरून नुसतीच बघत होती, घालू का नको. धाकटा आतून म्हणाला, घाल गं, मी सरांना सांगितलंय या आठवड्यात टेस्ट नको म्हणून. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी वर न बघता विचारलं, किती खाणार आहेस? तो म्हणाला बारा. बाबा उठले आणि बाजारातून अजून पाव किलो खसखस घेऊन आले.